हरणांच्या वाफ्याचं तयार बियाणं कोल्हापुरात घ्यावं का?

राधानगरी, दाजीपूर, आंबा, गगनबावडा या पट्ट्यात शेतघरं आणि कृषी पर्यटन वाढलं, तशी एक नवी हौस आली आहे. जंगलाला लागून आठ-दहा गुंठे रान आहे, तिथं हरणांच्या आवडीचं काही पेरावं आणि पाहुण्यांना सोप्यातून भेकर-सांबर दिसावं. त्यासाठी 'फूड प्लॉट मिक्स' नावाची तयार पाकिटं घेतली जातात. काही ऑनलाइन मागवलेली, काही परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आलेली. पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी जवळजवळ एकच मिश्रण विकलं जातं, म्हणून इथं कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाही. हे परीक्षण त्या प्रकारच्या पाकिटाचं आहे, आणि त्याच कामासाठी आपल्या बियाण्यांच्या दुकानात जे मिळतं त्याचंही.

आधी निकाल सांगून टाकतो. तयार पाकिटाला पाचपैकी दीड. दुकानातून सुटं घेतलेल्या वैरणीच्या बियाण्याला चार, तेही नीट पेरलं तर.

पाकिटावरचा शिंगाळा नर बघितला की अर्धी गोष्ट कळते. ते उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आहे आणि आतलं मिश्रणही त्याच्यासाठीच केलेलं आहे. पांढरा आणि लाल क्लोव्हर (थंड हवेतला एक द्विदल चारा), चिकोरी, सलगम, रेप, केल, ओट, रायगवत, हिवाळी वाटाणा यांतले पाच-सहा घटक कमी-जास्त प्रमाणात असतात. तिकडे हे मिश्रण चालतं, त्यात शंका नाही. पण ते ज्या हवामानावर चालतं ते कोल्हापुरात नाही.

सलगम, रेप, केल या कोबी-मोहरीच्या कुळातल्या पिकांचं उदाहरण घ्या. तिकडची हरणं सुरुवातीला त्या पानांना फारसं तोंड लावत नाहीत. कडक थंडी, हिमतुषार पडले की पानांत साखर वाढते, कडवटपणा कमी होतो आणि मग हरणं त्यावर तुटून पडतात. पाकिटावर 'थंडी पडली की गोड होणारं' असं जे लिहिलेलं असतं ते खरंच आहे. फक्त कोल्हापुरात तसे हिमतुषार पडत नाहीत. इथं ती पानं डिसेंबरातही कडवटच राहतात, माव्यानं चिकट होतात आणि जानेवारीअखेर फुलावर येऊन संपतात.

क्लोव्हरचं दुखणं उलट्या बाजूचं. त्याला मानवतं २० ते २५ अंश तापमान. ऑक्टोबरअखेर पेरून पाणी दिलं तर उगवतो, डिसेंबर-जानेवारीत बरा दिसतो आणि मार्चचं ऊन लागलं की बसतो. पाकिटावर तो 'तीन ते पाच वर्षं टिकणारा' म्हणून विकलेला असतो. इथं एक हिवाळा टिकला तरी पुष्कळ. शिवाय क्लोव्हरच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरायला त्याचे स्वतःचे रायझोबियम जिवाणू लागतात. ज्या रानात क्लोव्हर किंवा त्याच्याच जातकुळीतला बरसीम हा चारा कधी घेतलेलाच नाही, तिथं ते नसतात. बियाण्याला आधीच जिवाणू चोळलेले असतात, हे खरं. पण उन्हात तापलेल्या ट्रकमधून आणि गोदामातून आल्यावर त्यातले किती जिवंत राहतात, हे उगवलेल्या पिकाच्या पिवळ्या पानांवरून कळतं.

चिकोरीची तर गंमतच आहे. चिकोरी म्हणजे कासनी. बरसीम घेणारे शेतकरी जिला तण म्हणून बियाण्यातून निवडून काढतात तीच ही. त्यासाठी बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं कासनीचं बी फेकून देतात. पाकिटात तीच पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात.

मग आपली जनावरं. राधानगरी अभयारण्याच्या बाजूला सांबर, भेकर आणि नशीब असेल तर सशाएवढं पिसोरी. चितळ पाहायचं तर लोक सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला जातात. या सगळ्यांच्या खाण्याच्या सवयी एक नाहीत. चितळ पावसाळ्यात मुख्यतः कोवळं गवत खातं आणि उन्हाळ्यात झुडपांच्या पाल्याकडे, गळालेल्या फळांकडे वळतं. सांबर गवत, पाला, फळ सगळ्याला तोंड लावतं. भेकर जेमतेम पंचवीस किलोच्या आतबाहेरचं जनावर, ते निवडून खातं: कोवळे शेंडे, कळ्या, पडलेली उंबरं, आवळे. त्यामुळे 'सर्व हरणांसाठी एकच मिश्रण' या दाव्याला इथं फारसा अर्थ राहत नाही.

पाकिटात चांगलं काय? ओट आणि वाटाणा इथल्या हिवाळ्यात पाण्यावर चांगले येतात. पाकीट दमट हवेतही बी कोरडं ठेवतं. आणि सोबतच्या कागदावर 'आधी माती तपासा' हे पहिलं वाक्य असतं, ते सोन्यासारखं आहे. दीड गुण त्याचेच.

वजनाचाही एक हिशोब लक्षात ठेवा. क्लोव्हरसारख्या बारीक बियाण्यावर चुन्याचा लेप असतो आणि तो कित्येकदा एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. म्हणजे किलोच्या भावानं घेतलेल्या बियाण्यात साडेसहाशे-सातशे ग्रॅमच खरं बी. लेबलावर ते 'निष्क्रिय घटक' म्हणून बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसरं, पाकीट बहुधा एकराच्या हिशोबाचं असतं आणि आपलं रान असतं दहा गुंठे, म्हणजे पाव एकर. उरलेलं कशाला ठेवायचं म्हणून सगळं टाकलं, की सलगम-रेप एकमेकांना दाबतात आणि वीतभर वाढून थांबतात. दाट पेरलं म्हणून वैरण जास्त मिळत नाही.

पण सगळ्यात मोठा दोष मिश्रणातच आहे. वाटाणा आणि ओट चार-पाच सेंटिमीटर खोल जायला हवेत. क्लोव्हर आणि चिकोरी एका सेंटिमीटरच्या खाली गेले की उगवत नाहीत. एकाच पिशवीतून एकाच हातानं फेकल्यावर दोन्ही कसं साधणार? वर टाकून कुळव मारला तर बारीक बी गाडलं जातं. नुसती फळी फिरवली तर वाटाणा उघडा राहतो आणि सकाळपर्यंत कबुतरं-मोर तो वेचून नेतात. त्यात प्रवासात हलून बारीक बी पिशवीच्या तळाला बसलेलं असतं, म्हणून रानाच्या एका टोकाला सगळे ओट आणि दुसऱ्या टोकाला सगळा क्लोव्हर, असाही प्रकार होतो.

कायद्याचं एक सांगायलाच हवं. परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश त्यासाठीच आहे. नातेवाइकाच्या बॅगेतली पिशवी त्यात बसत नाही. इथं विकत घेतलेल्या पाकिटावर उगवण टक्केवारी, शुद्धता, लॉट नंबर आणि चाचणीची तारीख मराठीत नको, निदान वाचता येईल अशी तरी हवी. प्रमाणित बियाण्याची खूण निळी, सत्यप्रत (विकणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर लावलेल्या) लेबलाची हिरवट. यातलं काहीच नसेल तर घेऊ नका. चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने उलटले असतील तरी नको.

दुकानात काय मागायचं

शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, मार्केट यार्ड भागातल्या बियाण्यांच्या दुकानांत 'हरणांसाठी' म्हणून काही मागितलं तर दुकानदार नुसता तोंडाकडे बघेल. वैरणीचं बी मागायचं, जातीच्या नावानं. दूध संस्थांमार्फतही हंगामात वैरणीचं बियाणं येतं, तिथं आधी नोंद करून ठेवलेली बरी.

दहा गुंठ्यांचं रान तीन तुकड्यांत विभागा. चार गुंठे कायमच्या वैरणीला, चार गुंठे हंगामी, आणि जिथं पाणी हमखास पोचतं असे दोन गुंठे लसूणघासाला.

कायमच्या तुकड्यात दशरथ घास आणि स्टायलो. दोन्ही द्विदल, दोन्ही पुनःपुन्हा फुटणारी, खडकाळ उतारावर तग धरणारी. सलग पेरणीला दशरथ हेक्टरी २० किलो आणि स्टायलो १० किलो लागतं. चार गुंठ्यांत दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तर ४०० ग्रॅम दशरथ आणि २०० ग्रॅम स्टायलो पुरे. स्टायलोत राहुरी विद्यापीठाची फुले क्रांती मिळाली तर घ्या. या दोघांचं बी कडक कवचाचं असतं, तसंच पेरलं तर निम्मं महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. पाणी उकळून खाली उतरवा, थोडं निवू द्या, साधारण ८० अंशाला आलं की बी त्यात तीन-चार मिनिटं ठेवून निथळा, मग रात्रभर गार पाण्यात भिजवून सावलीत सुकवा. उकळत्या पाण्यात टाकून विसरलात तर बी शिजतं. दुकानदार हे सांगत नाहीत. दशरथ 'उगवत नाही' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुतेकदा इथंच असतं.

हंगामी तुकड्यात आधी चवळी, मग ओट. वैरणीच्या चवळीत श्वेता ही जात चांगली. हेक्टरी ४० किलोच्या हिशोबानं चार गुंठ्यांना १.६ किलो. हरणांना चवळीइतकं दुसरं काही आवडत नाही आणि तीच तिची अडचणही आहे, ते पुढं येईल. ओट हेक्टरी १०० किलो, म्हणजे चार गुंठ्यांना चार किलो. केंट किंवा फुले हरिता, जे मिळेल ते.

लसूणघासात आरएल-८८ ही जात. दोन गुंठ्यांना ५०० ग्रॅम. या बियाण्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं असण्याची भीती असते आणि अमरवेल एकदा रानात आली की लसूणघास पिवळा पडून बसतो. दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून बी त्यात ढवळा, तरंगणारं काढून टाका, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा. मगच रायझोबियम. जिवाणूंचं २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून, पाणी गार झाल्यावर त्यात मिसळून हलक्या हातानं चोळायचं. गूळ शोधायला कोल्हापुरात लांब जावं लागत नाही. मात्र चवळीचे जिवाणू वेगळे, लसूणघासाचे वेगळे. दुकानात 'रायझोबियम द्या' एवढंच म्हणालात तर बहुधा सोयाबीनचं पाकीट हातात पडेल.

आफ्रिकन टॉल मका वैरणीला उत्तम, पण या कामाला घेऊ नका. पुरुषभर उंचीच्या मक्यात हरीण आलं तरी दिसणार नाही, आणि कणीस भरलं की रानडुकरं येतील. कोवळी ज्वारीही टाळा. पाण्याचा ताण बसलेल्या, पन्नास दिवसांच्या आतल्या ज्वारीत सायनाइडचा विषारी अंश असतो. जनावरं दगावतात ती त्यामुळेच. सुबाभूळ बांधावर एखाद-दुसरी ठीक, रानभर नको, तिच्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. नेपियर गवत वर्षभर हिरवं दिसतं म्हणून लोक लावतात. भेकर त्याच्या जाड कांड्याला हुंगून पुढं जातं.

माती आणि मशागत

गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास, एवढा फरक एका जिल्ह्यात आहे. त्यामुळे 'कोल्हापूरसाठी' म्हणून सरसकट शिफारस करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपला विषय पश्चिमेकडच्या तांबड्या जांभ्याच्या मातीचा आहे. पावसानं चुना धुऊन गेलेली ही माती आम्ल असते. सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा) साडेपाचाच्या आसपास सहज सापडतो. द्विदल पिकांना साडेसहा ते सात हवा.

नमुना घेताना दहा गुंठ्यांत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, कडेची माती खरवडून घमेल्यात एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरला की कापडी पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्या. शेणखत टाकलेली जागा, बांध, झाडाखालची सावली सोडायची. तपासणीची सोय जिल्हा मृदा चाचणी प्रयोगशाळेत आणि कृषी विज्ञान केंद्रात असते.

सामू साडेपाच निघाला तर दहा गुंठ्यांना साधारण २०० ते ३०० किलो शेतीचा चुना लागतो. नेमका आकडा अहवालावरून ठरवा. पेरणीच्या निदान महिनाभर आधी टाकून वरच्या चार-सहा इंचांत मिसळायचा आणि त्याला ओल मिळायला हवी. कोरड्या मातीत चुना नुसता पडून राहतो. चुना आणि युरिया एकत्र टाकला तर नत्र वासासकट हवेत जातं. चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच दिवशी टाकलं तर स्फुरद अडकतं. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या, चुनखडीच्या रानात मात्र चुना अजिबात नको, तिथं आधीच जास्त आहे.

खताचा हिशोब सोपा बसतो. दहा गुंठे म्हणजे जवळजवळ एक दशांश हेक्टर. द्विदल वैरणीला हेक्टरी २० किलो नत्र, ८० स्फुरद, ४० पालाश धरलं तर आपल्या वाट्याला सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची एक गोणी, साडेचार किलो युरिया आणि पावणेसात किलो म्युरेट ऑफ पोटॅश. जांभ्याच्या मातीतलं लोह स्फुरद धरून ठेवतं, म्हणून सुपर फॉस्फेट रानभर विस्कटू नका, बियाण्याच्या ओळीखाली पेरा. शेणखत टनभर. साखर कारखान्याचं प्रेसमड स्वस्त मिळतं, पण ते सहा महिने कुजलेलंच घ्या. ताजं टाकलं तर रान तापतं आणि कोवळी मुळं करपतात.

मशागतीत लोक रोटाव्हेटरवर फार भरवसा ठेवतात. चार वेळा फिरवून रान पिठासारखं केलं की छान वाटतं. पहिल्या जोराच्या सरीत त्याची पापडी धरते आणि लसूणघासाचं बी तिच्याखाली गुदमरतं. एक नांगरट, दोन कुळवाच्या पाळ्या, एवढं पुरे. पहिला वळीव झाला की तण उगवू द्या, पंधरा दिवसांनी हलका कुळव मारून ते मोडा, पुन्हा उगवलं तर पुन्हा मोडा. मात्र दुसऱ्या खेपेला खोल जायचं नाही, नाहीतर खालचं तणाचं बी वर येतं. पेरणीआधी फळी फिरवून माती बसवा. रानात उभं राहिल्यावर पायाचा ठसा सेंटिमीटरभरच उठला पाहिजे. घोटा रुतत असेल तर बारीक बियाण्याला ती माती अजून भुसभुशीत आहे.

एक गोष्ट अगदी करू नका. जांभ्याचे सडे आणि पठारं, जिथं खडकावर चार बोटं माती आहे, ती नांगरू नका. तिथली पावसाळी फुलं आणि गवतं दुसरीकडे येत नाहीत आणि तुमची चवळीही तिथं येणार नाही.

पेरणीचं वेळापत्रक पश्चिम भागात उलटं ठेवावं लागतं. दशरथ आणि स्टायलो जूनच्या पहिल्या पावसात, उतारावर, आडव्या ओळींत. दोन ओळींत ५० सेंटिमीटर अंतर, खोली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. चवळी मात्र जूनमध्ये टाकली तर जुलैच्या संततधारेत मुळं कुजतात. ती ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाफसा मिळेल तेव्हा, ३० सेंटिमीटर ओळींवर, चार सेंटिमीटर खोल टोकणा. साठ-पासष्ट दिवसांत ती संपते, तेव्हा नोव्हेंबर लागलेला असतो आणि त्याच ओळींच्या मधे ओट पेरता येतो. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात सपाट वाफ्यात, बियाण्यात चौपट बारीक वाळू मिसळून. नाहीतर मुठीतून एका जागी सगळं पडतं. पाणी हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्याच्या आत. भांगलण विसाव्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या आसपास. लसूणघासाची पहिली भांगलण चुकली तर पुढचं सगळं वाया.

रानाचा आकार चौकोनी ठेवू नका. हरीण उघड्यावर मधोमध येत नाही, कडेकडेनं चरतं. १२ मीटर रुंद आणि ८४ मीटर लांब, थोडा वळत जाणारा पट्टा म्हणजे दहा गुंठेच होतात, पण जनावर कुठंही असलं तरी सहा मीटरवर आडोसा असतो. कडेला आवळा, उंबर, जांभूळ, हिरडा लावा. वाढायला वर्षं लागतात, पण भेकरासाठी पडलेलं उंबर हे लसूणघासापेक्षा मोठं आमंत्रण आहे. बसायची जागा चाळीस-पन्नास मीटर दूर आणि वारा जनावराकडून तुमच्याकडे येईल अशी.

बिघडतं कुठं

पहिले तीन-चार आठवडे. चवळी दोन पानांवर असताना शेंडा खुडला गेला की रोप मेलं. दहा गुंठ्यांहून लहान वाफा तर वाढायच्या आधीच साफ होतो. तेवढ्यापुरतं कुंपण लागतं आणि त्याला आपल्याकडचा स्वस्त उपाय जुन्या साड्यांचा. बांबूला कमरेपासून खांद्यापर्यंत दोन पदरी बांधल्या तरी भेकर बिचकतं. पीक गुडघ्याला आलं की काढून घ्या. विजेचा प्रवाह सोडलेली तार लावायची नाही, कधीच; तिच्यानं जनावरं मरतात, माणसंही मरतात, आणि तो गुन्हा आहे.

हरणं खातायत की नुसतं पीक येतच नाही, हे ओळखायला मीटरभर लांबी-रुंदीचा जाळीचा एक पिंजरा रानात ठोकून ठेवा. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर, तर जनावरं येतायत. आतही बोटभरच, तर दोष मातीत किंवा पाण्यात आहे. पाकीट विकणारे हे सांगत नाहीत, कारण पिंजरा फुकटात होतो.

गव्यांचा प्रश्न याहून मोठा. राधानगरी हे गव्यांचं रान आहे. दाजीपूरचं गवा अभयारण्य १९५८ पासूनचं. गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आलेलेही लोकांनी पाहिले आहेत. आठशे किलोच्या गव्याला दिवसाला ऐंशी किलोच्या आसपास हिरवा चारा लागतो. चार गुंठ्यांतली चवळी चांगली आली तरी टनभर. दहा गव्यांच्या कळपाचं पोट इथंच भरायचं ठरलं तर एका-दोन रात्रींचं काम. आणि ते तुमच्या बांधावर थांबत नाहीत, शेजाऱ्याच्या भातात आणि उसात जातात. म्हणून ज्यांच्या रानाला लागून दुसऱ्याचं उभं पीक आहे त्यांनी हा वाफा करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रस्त्याच्या कडेलाही नको. गावातली कुत्री मोकळी फिरत असतील तर भेकराला तुम्ही खाद्य नाही, सापळा तयार करताय. गावची गुरं त्याच वाफ्यात चरू देऊ नका. लाळ्या-खुरकूत गुरांकडून गव्यांकडे जाऊ शकतो. त्याच कारणासाठी मिठाच्या ढेपा ठेवणंही टाळा, सगळी तोंडं एकाच जागी चाटतात.

आणि अमेरिकेत हे वाफे मुख्यतः शिकारीसाठी करतात, ही गोष्ट पाकिटावरच्या चित्रात लपत नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं. कोल्हापुरात चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची तो काळ संस्थानाबरोबर गेला. वाफा बघण्यासाठीच, स्वतःच्या मालकीच्या रानात, आणि करण्याआधी वनरक्षकाच्या कानावर घालून. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय एक दाणाही टाकायचा नाही.

पाकीट आधीच घेऊन ठेवलं असेल तर ते जंगलाच्या कडेला उधळू नका. त्यातलं रायगवत आणि चिकोरी तिथं कशी वागतील ते पाहण्याची जागा ती नव्हे. घरी पिठाच्या चाळणीनं चाळा. वर राहिलेले ओट आणि वाटाणे नोव्हेंबरात हंगामी तुकड्यात पेरा, ते चांगले येतील. खाली पडलेलं बारीक बी परसातल्या वाफ्यात, पाण्याजवळ टाका आणि फुलावर यायच्या आत कापून म्हशीला घाला. रंगीत लेप असलेलं बी मात्र कोंबड्यांना टाकू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असू शकतं.